घोडा, गार आणि टोपी

आपल्या ऐतिहासिक कादंबरीत तलवारीला नाव असते. शिवछत्रपतींची भवानी शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. तोफेला तर नाव हवेच: विजापूरची मुलुखमैदान, जंजिऱ्याची कलालबांगडी, झाशीच्या बुरुजांवरच्या कडकबिजली, घनगर्ज आणि भवानीशंकर. बंदूक मात्र नुसती बंदूक असते. शिपाई ती उचलतो, नेम धरतो, बार उडतो आणि शत्रू कोसळतो. प्रसंग पुरंदराखालचा असो, पानिपतचा असो की सत्तावनच्या बंडातला असो, बंदूक तीच, तिचा आवाज तोच आणि तिचा वेगही तोच. दोनशे वर्षांत पोशाख बदलले, पगड्या बदलल्या, बोलण्याची धाटणी बदलली. हे सारे आपले लेखक हौसेने टिपतात. बंदूक तेवढी न बदलता एका शतकातून दुसऱ्या शतकात जाते.

हा केवळ तपशिलाचा दोष असता तर दिवाळीच्या अंकात त्यासाठी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. पण बंदुकीची कळ बदलली तेव्हा लढाईची रीत बदलली, लढणाऱ्याचे स्वातंत्र्यही बदलले, आणि हा बदल न दिसल्यामुळे सत्तावनच्या बंडासारख्या मोठ्या विषयावरचे आपले लेखनही एका बाजूला कलले आहे, असे मला वाटते. ते दाखवण्यासाठी मी एकच वस्तू पुढे ठेवतो: गारेच्या चापाची असलेली आणि पुढे टोपीची करून घेतलेली पलटणी बंदूक.

आधी जाती सांगितल्या पाहिजेत. सगळ्यांत जुनी तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे धुमसत राहणारी सुताची वात. चाप ओढला की ती वात दारूवर टेकते. तिच्यानंतर गारेची, म्हणजे चकमकीची बंदूक. आणि तिच्यानंतर टोपीची, जिला खेड्यापाड्यांत केपाची बंदूक म्हणतात. तिन्ही ठासणीच्याच. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची आणि गजाने ठासायची, ही रीत तिघींनाही लागू. फरक एवढाच की आतल्या दारूला विस्तव कसा पोचवायचा. सारा इतिहास ह्या ‘एवढाच’मध्ये आहे.

चकमकीच्या बंदुकीचे काम असे चाले. घोड्याच्या जबड्यात गारेचा कपचा घट्ट आवळलेला असे. चाप ओढला की घोडा पुढे झेपावे, गार समोरच्या पोलादी पट्टीवर आपटे, पट्टी मागे उलटून खालचा लहानसा प्याला उघडा पडे आणि ठिणग्या त्या प्याल्यात गळत. प्याल्यात चिमूटभर बारीक दारू घातलेली असे. ती भडकली की तिची ज्योत नळीच्या बाजूच्या भोकातून, म्हणजे बंदुकीच्या कानातून आत जाई आणि मग मुख्य बार उडे. गार, पोलाद, ठिणगी, प्याला, कान, बार: इतक्या पायऱ्या. त्यातली एक चुकली की सगळे फुकट.

कानावरच्या त्या बारीक दारूला जुना शब्द होता रंजक. आज तो शब्द आपण मनोरंजन करणाऱ्या पुस्तकाला लावतो. दोन शब्दांचे उगम निराळे असतील. पण योगायोग मार्मिक आहे. पुष्कळदा असे होई की प्याल्यातली दारू भुरकन जळून जाई, धूर निघे, डोळे दिपत आणि आतला बार जागचा हलत नसे. ‘बार फुसका निघाला’ ह्या आपल्या बोलण्यामागे असे कितीतरी प्रसंग उभे आहेत. मराठी ऐतिहासिक कथेचे पीक गेल्या शतकाहून अधिक काळ उदंड आले. १८७१ साली गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’ने वाट घालून दिली, हरिभाऊंनी तिचा राजरस्ता केला. पण त्या रस्त्यावरून पुढे चालत आलेल्या कितीतरी कथा नुसत्या रंजक आहेत: कानावर झगझगाट आणि आत शांतता.

भाषेने मात्र ह्या बंदुकीची आठवण लेखकांपेक्षा अधिक इमानाने राखली आहे. दोन तुकड्यांत चकमक उडाली, असे वर्तमानपत्र लिहिते तेव्हा ते गार आणि पोलाद यांचेच नाव घेते. एखादा वक्ता ठासून सांगतो तेव्हा त्याच्या हातात नकळत गज असतो. बार भरून ठेवणे, बत्ती देणे, तोंडात ठासून भरणे: घरातल्या बायकापोरांच्या तोंडीही हे शब्द आहेत. ज्या समाजाच्या बोलण्यात बंदूक इतकी खोल रुतली आहे, त्याच्या कादंबरीत तिचे चित्र इतके पुसट असावे, हे नवल आहे.

आता ती बदललेली बंदूक पाहू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची इमारत कुर्ल्याच्या काळसर आणि मालाडच्या पिवळसर दगडात बांधलेली आहे. १९०५ साली पाया घातला, १९१४ साली बांधकाम संपले, मध्यंतरी तिथे लष्करी इस्पितळ होते आणि १९२२ साली दारे लोकांसाठी उघडली. इमारतीसमोर हजारो लोक उभे राहतात. पण मालाडच्या खाणींची ज्याला माहिती आहे त्याला भिंतीत एक वाक्य जास्त वाचता येते. शस्त्रांच्या दालनातल्या बंदुकीचेही तसेच आहे. कुठल्याही संग्रहालयात, किंवा खंडेनवमीला झेंडूचे फूल वाहण्यासाठी बाहेर काढलेल्या एखाद्या जुन्या घराण्यातल्या शस्त्रांत, ठासणीची पलटणी बंदूक दिसली तर तिच्या उजव्या अंगाला, कळीच्या पट्टीकडे पाहावे. पट्टीवर घोडा आहे, पण त्याच्या तोंडात गार धरायचा जबडा नाही; तो हातोडीसारखा बोथट, तळाशी किंचित पोकळ आहे. प्याला नाही. पोलादी पट्टी नाही. पण त्या दोहोंच्या जागी पट्टीवर बुजवलेली भोके आहेत: लोखंडाचा खिळा ठोकून, कानशीने घासून, सारखी केलेली. कानाच्या जागी नळीला एक गुठळी जोडली आहे आणि तिच्यावर पोकळ बोंडी उभी आहे. त्या बोंडीवर तांब्याची टोपी बसवायची आणि घोडा तिच्यावर पाडायचा.

म्हणजे ही बंदूक दोनदा जन्मली. नळी, दस्ता, गज, संगीन अडकवायचा खुंट हे पहिल्या जन्मातले. घोडा आणि बोंडी दुसऱ्या जन्मातली. पट्टीवरचे राजमुकुटाचे चिन्ह अनेकदा पहिल्या जन्माचे साक्षीदार म्हणून तसेच राहिलेले असते. बंदूक ईस्ट इंडिया कंपनीची असेल तर छापही बोलतो: १८०८ च्या सुमारापर्यंत बदामाच्या आकाराचा, त्यानंतर सिंहाचा. अशी बंदूक हा एक मजकूरच आहे. एकाने लिहिला, दुसऱ्याने खोडून त्यावर लिहिले, आणि खोडलेलेही वाचता येते.

पहिल्या जन्माची कुळकथा आपल्याला जवळची आहे. इंग्रजांच्या ज्या पलटणी बंदुकीला ‘ब्राउन बेस’ म्हणतात, तिची नळी आधी ४६ इंचांची, नंतर ४२ इंचांची असे. कंपनीने आपल्या हिंदुस्थानातल्या फौजांसाठी ती ३९ इंचांची करून घेतली. पुढे फ्रान्सशी युद्ध जुंपले, विलायतेत बंदुका कमी पडू लागल्या, तेव्हा इंग्रज सरकारने कंपनीच्याच बंदुका उचलल्या आणि १७९७ पासून तोच नमुना आपल्या सैन्यासाठी पत्करला. त्याचे नावच ‘इंडिया पॅटर्न’. नेपोलियनशी लढताना इंग्रज शिपायांच्या खांद्यावर प्रामुख्याने होती ती हिंदुस्थानासाठी आखलेली बंदूक.

दुसऱ्या जन्माची कथा एका पाद्र्यापासून सुरू होते. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्साइथ हा शिकारीचा शौकीन होता. कानावरच्या दारूचा भडका दिसला की पाण्यावरची पाखरे उडून जात आणि गोळी मागून पोचे. ठिणगीऐवजी नुसत्या आघाताने पेटणारे द्रव्य वापरावे, ही त्याची कल्पना. १८०७ साली त्याने तिचा हक्क नोंदवला. पुढे हे द्रव्य तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरण्याची युक्ती निघाली. लष्करी टोपीत मुख्यतः पाऱ्यापासून केलेले फुलमिनेट असे. घरोघर मुले दिवाळीत पिस्तुलात टिकल्या घालून उडवतात. काही घरांत त्यांना केपाच म्हणतात. त्या टिकलीतले द्रव्य निराळे असले तरी तत्त्व फोर्साइथचेच: घोडा पडला, द्रव्यावर आघात झाला, आग झाली. ठिणगी नको, प्याला नको, वाऱ्यापावसाची भीती नको.

१८३४ साली वुलिच येथे इंग्रज लष्कराने दोन्ही जातींची परीक्षा घेतली. सगळ्या हवामानात, प्रत्येक जातीच्या सहा हजार बारांची. गारेच्या बंदुकीचे ९२२ बार फुकट गेले, म्हणजे साडेसहाला एक. टोपीच्या बंदुकीचे फक्त ३६, म्हणजे १६६ ला एक. निकाल लागल्यासारखाच होता. तरी कोठारे जुन्या बंदुकांनी भरलेली. त्या मोडीत काढणे कुठल्या खजिनदाराला रुचेल? म्हणून त्यांची कळ बदलायची, नळी तीच ठेवायची. आपली आजी जुन्या पैठणीचे काठ काढून नव्या साडीला लावते, त्यातलाच हा संसारी हिशेब.

ह्या दोन आकड्यांमधला फरक माणसांच्या जिवावर कसा येतो, त्याचे उदाहरण १८४१ च्या अफूच्या युद्धात आहे आणि ते आपल्या माणसांचे आहे. त्या वर्षीच्या ३० मे रोजी, चीनमधल्या कँटन शहराबाहेर, मद्रासच्या ३७ व्या देशी पलटणीची एक कंपनी वादळी पावसात मागे पडून एकटी सापडली. भोवती खवळलेल्या गावकऱ्यांचा प्रचंड जमाव, हातात भाले आणि कोयत्या. शिपायांच्या बंदुका गारेच्या. पावसाने कानावरची दारू भिजली आणि बंदुका मुक्या झाल्या. शिपाई चौक करून संगिनींवर तग धरून राहिले. त्यांना शोधायला आरमारी शिपायांच्या दोन कंपन्या रात्री निघाल्या. त्यांच्या बंदुका टोपीच्या होत्या. त्याच पावसात त्यांचे बार उडाले आणि जमाव पांगला. एकाच सरकारचे दोन शिपाई, एकच पाऊस, एकच रात्र. कोणाला कोणती कळ द्यायची हे ठरवणारा माणूस मात्र तिथे भिजत नव्हता.

कोकणात आणि मुंबईच्या उपनगरात चार महिने पाऊस सोसणाऱ्या वाचकाला हे अधिक समजावून सांगायला नको. आपल्याकडे मोहिमा दसऱ्याला निघत, त्यामागे नद्यांचे पूर होते, चारा होता, शेतीची कामे होती. पण कोरड्या दारूचीही त्यात गरज होती. सीमोल्लंघनाच्या मुहूर्तामागे जे व्यावहारिक शहाणपण होते, त्यातला एक धागा टोपीच्या बंदुकीने तोडला. असा बदल एखाद्या कादंबरीचा कणा व्हायला पुरेसा आहे. भर आषाढातला छापा गारेच्या काळात एक गोष्ट आहे, टोपीच्या काळात दुसरी. पहिल्यात तलवार आणि विटा निर्णय करतील. दुसऱ्यात अंधारातून बार येतील. लेखकाने कोणती कळ निवडली त्यावर कोण जगेल हे ठरते.

इथवर टोपीचा फायदाच सांगितला. आता तोटा पाहू, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा तोच आहे. गार डोंगरात मिळते, नदीच्या पात्रात मिळते. ती कपचून नीट करायला हत्यार लागते एक हातोडी. दारू गावठी कारखान्यात होई. गारेची बंदूक घडवणारे हातही देशात होते: महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेसाठी आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखाली ज्या बंदुका तयार होत, त्यांची किंमत दहा रुपये पडे आणि जाणते त्यांची वाखाणणी करीत. परका शिकवणारा होता, पण कारखाना आपल्या मुलखात आणि आपल्या धन्याचा होता. टोपीची गोष्ट निराळी. तांब्याचा पातळ पत्रा ठोकून सारख्या मापाच्या हजारो टोप्या काढायच्या, त्यांत हात लावताच उडेल असे द्रव्य थेंबाथेंबाने भरायचे: हे काम यंत्राचे, रसायनशाळेचे आणि सरकारी कोठाराचे. टोपीची बंदूक आली तेव्हा मराठी राज्य १८१८ सालीच बुडाले होते. ती कळ शिकून घेणारा आग्र्यासारखा कारखाना आता शिंद्यांपाशी नव्हता.

म्हणजे कळ बदलली तेव्हा बंदूक भरवशाची झाली आणि बंदूकवाला परावलंबी झाला. त्याच्या खांद्यावरच्या शस्त्राची किल्ली दुसऱ्याच्या कोठारात गेली. टोपी नसली तर उत्तम नळी, ठासलेली दारू, नेम धरलेला डोळा, सारे व्यर्थ.

ही दृष्टी घेऊन सत्तावनच्या बंडाकडे वळले की आपल्या लेखनातली उणीव ठळक दिसते. त्या विषयावर मराठीत जे लिहिले गेले त्यात काडतूस मोठे आहे आणि बंदूक अदृश्य आहे. काडतुसाला लावलेल्या चरबीची वार्ता, दातांनी ते फोडण्याचा प्रसंग, धर्म बुडाल्याचा आक्रोश हे सगळे येते. इंग्रज इतिहासकारांनी ह्यावरून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: भोळे लोक, नव्याला भ्याले. आपले लेखक त्याला उत्तर देताना संतापतात, पण उत्तर मात्र बंदुकीत होते ते घेत नाहीत. कंपनीच्या पलटणींच्या हाती १८४० नंतर टोपीच्या बंदुका येत गेल्या. ती कळ पूर्ण नवी, परकी, रसायनांची. शिपायांनी ती निमूट घेतली, शिकली आणि वापरली. काडतूस दातांनी फोडणेही त्यांना नवे नव्हते. कागदी पुडीतली दारू नळीत ओतण्याची रीत गारेच्या काळापासून तीच होती. तेव्हा नव्याची भीती हे कारण टिकत नाही. वांधा नवेपणाचा नव्हता; चरबीचा होता, आणि ती लावणाऱ्यावरचा विश्वास उडाल्याचा होता.

दुसरी गोष्ट. ज्या एनफील्ड रायफलीच्या काडतुसावरून ठिणगी पडली, ती रायफल १८५७ च्या वसंतात देशी पलटणींना सरसकट मिळालीच नव्हती. डमडम, अंबाला आणि सियालकोट इथल्या शिक्षणकेंद्रांत तिची तालीम चालू होती. २४ एप्रिलला मीरतच्या कवायतीत ८५ स्वारांनी जी काडतुसे नाकारली, ती त्यांच्या ओळखीची जुन्या पद्धतीचीच होती. म्हणजे नकार एका वस्तूपुरता उरला नव्हता. आणि मग युद्ध पेटले ते असे: बंडवाल्यांच्या हाती मुख्यतः गुळगुळीत नळीच्या जुन्या बंदुका, ज्यांचा भरवसा शंभर वारांपलीकडे राहत नसे, आणि समोर गोऱ्या पलटणींतून तीच नाकारलेली रायफल, तीनशे-चारशे वारांवरून माणूस टिपणारी. ज्याने धर्मासाठी ती बंदूक नाकारली, त्याच्यावर तिच्याच गोळ्या येत होत्या. एवढा मोठा शोकान्त विरोध समोर पडलेला असताना आपल्या नाटककारांनी आणि कादंबरीकारांनी तो उचलू नये, ह्याचे आश्चर्य वाटते. त्यात टोप्यांची टंचाई. दिल्लीचे दारूगोळ्याचे कोठार ११ मे रोजी इंग्रजांनी स्वतःच उडवले होते. गारेची बंदूक असती तर ओढ्याकाठी बसून गार कपचता आली असती. टोपी कुठून कपचणार?

ह्या ठिकाणी गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची आठवण होते. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने आतून पाहिला. तो शस्त्रांचा जाणकार नव्हे. पण त्याचा एक गुण पुढच्या पुष्कळ लेखकांत उतरला नाही. काडतुसांची वार्ता तो वाटेत भेटलेल्या शिपायांच्या तोंडची म्हणून सांगतो. ऐकीव ते ऐकीव ठेवतो आणि झाशीच्या आकाशातून येणारे तोफेचे गोळे मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले म्हणून सांगतो. नंतरच्या कथांत शिपायांची ती वार्ता निवेदकाची होते, आणि वार्तेत असलेली भीती, संशय, कुजबुज निघून जाते.

त्या पुस्तकाचे झाले तेही आपल्या बंदुकीसारखेच. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते छापले तेव्हा भाषा साफसूफ केली, परक्या सरकारचा काळ पाहून मजकुरात फेरफार केले. बंदूक उडावी म्हणून कळ बदलली, असे म्हणता येईल; त्यांनी ती बदलली नसती तर भटजींचा आवाज आणखी कित्येक वर्षे दप्तरातच राहिला असता. पण वैद्यांनी मूळ मोडी हस्तलिखित जाळले नाही. ते भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सोपवले. म्हणूनच १९६६ साली दत्तो वामन पोतदारांना मूळ पाठ प्रसिद्ध करता आला, आणि भटजींची नळी आणि वैद्यांची कळ वेगवेगळी दिसू लागली. रूपांतराला माझा विरोध नाही. रूपांतर करणाऱ्याने बुजवलेली भोके दिसू द्यावीत, एवढेच मागणे आहे.

रूपांतराचा सगळ्यांत कडू नमुना बंडानंतरचा आहे. पुढे देशी पलटणींना द्यायच्या बंदुका एनफील्डच्याच धर्तीवर झाल्या. पण रायफलीचे जे मर्म, नळीच्या आतले पेच, तेच काढून टाकले. ०.५७७ इंचांची नळी कोरून सुमारे ०.६५ इंचांची गुळगुळीत केली. १८५८ च्या नमुन्याची ही बंदूक बाहेरून गोऱ्या शिपायाच्या रायफलीसारखी दिसे. फक्त तिची गोळी तितकी दूर आणि तितकी नेमकी जात नसे. पहिल्या रूपांतरात जुन्या बंदुकीला नवे बळ दिले. ह्या दुसऱ्यात नव्या बंदुकीचे बळ मोजून काढून घेतले. त्यापुढे १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा झाला. शब्दांत लिहिलेल्या त्या कायद्याची एक पूर्वप्रत लोखंडात वीस वर्षे आधीच लिहिली गेली होती. एखादा कादंबरीकार असा शिपाई रंगवो, जो आपल्या बंदुकीच्या नळीत बोट घालून पाहतो आणि आत काहीही नाही हे त्याला कळते. त्या एका बोटात पारतंत्र्यावरच्या दहा भाषणांइतका आशय मावेल.

कोणी म्हणेल, कथेला माणसे लागतात, बंदुकीचे खिळे नव्हेत. मान्य. ज्या लेखकाने कळीचे सारे भाग नाव घेऊन मोजून दाखवले, पण ती हाती धरणाऱ्याचा घाम दाखवला नाही, त्याची कथा म्हणजे कोठाराची यादी होईल. पण घाम नेमका कशाने फुटतो? मिनिटाला फार तर तीन बार काढता येतात. एक गेला की पुढच्या वीस सेकंदांत काडतूस फोडायचे, दारू ओतायची, गोळी ठासायची, टोपी बसवायची, आणि समोरून घोडदळ येते आहे. थंडीने किंवा भीतीने बधिर बोटांतून हरभऱ्याएवढी टोपी गवतात पडते. पडद्यावरच्या किंवा पुस्तकातल्या शिपायाला हे काहीच करावे लागत नाही. त्याची बंदूक अक्षय्य भात्यासारखी भरलेलीच असते, आणि म्हणून त्याची भीतीही आपल्यापर्यंत येत नाही. पहिल्या फैरीनंतर काळ्या दारूचा दाट धूर समोर पसरे आणि शत्रू दिसेनासा होई. पडद्यावर तो धूर फार तर शोभेपुरता येतो.

मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली आणि दोन दशके तिने देशाला चित्रे पुरवली. त्या बाजूच्या मढच्या किनाऱ्यावर आजही चित्रीकरणाची वर्दळ असते. त्यामुळे इतिहास सजवून उभा करण्याचा धंदा ह्या भागातल्या माणसांना परका नाही. रंगवलेले बुरूज, पुठ्ठ्याच्या ढाली आणि भाड्याच्या मिशा त्यांनी पाहिल्या आहेत. पुठ्ठ्याच्या ढालीला माझी हरकत नाही. ती पुठ्ठ्याची आहे हे बनवणाऱ्याला ठाऊक असते. हरकत आहे ती लिहिणाऱ्याच्या मनातल्या पुठ्ठ्याच्या बंदुकीला, जिला तो खरी समजतो.

संग्रहालयांनाही थोडे म्हणता येईल. ‘ठासणीची बंदूक, एकोणिसावे शतक’ एवढी पाटी पुरत नाही. ‘मूळ गारेची, नंतर टोपीची केलेली, बुजवलेली भोके पाहा’ एवढे चार शब्द जास्त लिहिले तर सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन आलेला बाप काचेपाशी वाकेल, मुलगी विचारील की भोके का बुजवली, आणि त्याला उत्तर शोधावे लागेल. त्या उत्तरात पाऊस येईल, कँटन येईल, आग्र्याचा दहा रुपयांचा कारखाना येईल, दिल्लीचे उडालेले कोठार येईल. आपल्या तरुण लेखकांना मी इतकेच सुचवीन की पुढच्या ऐतिहासिक कथेचे पहिले पान लिहिण्यापूर्वी नायकाच्या बंदुकीची कळ कोणती, आणि तिला लागणारी टोपी कोणाच्या कोठारातून येते, हे दोन प्रश्न स्वतःला विचारून घ्यावेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की कथेतला खरा शत्रू कोण, हेही पुष्कळदा कळून येते.